नऊ मतदारांची हद्द

ओपल प्रुइटने आयुष्यात कधी कुणाला 'नाही' म्हटलं नव्हतं असं नाही. नवऱ्याला म्हटलं होतं, दोनदा, आणि दुसऱ्या खेपेला तो चालता झाला. पण हद्दीच्या सभेत मात्र तिच्या तोंडून हा शब्द कधी निघाला नव्हता.

हद्द म्हणजे कंपनीची हद्द. फ्लोरिडाच्या मधोमध, मगरींनाही कंटाळा येईल अशा दलदलीत कंपनीने करमणुकीची नगरी उभारली. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, संध्याकाळी आतषबाजी आणि पेलिकन पक्ष्याच्या सोंगात पोरांना मिठ्या मारत हिंडणारा टोपीवाला. त्या वेळी कंपनीने राज्य सरकारकडून कायदाच करून घेतला, की इथले रस्ते, गटारं, अग्निशमन, बांधकामाचे परवाने सगळं आमचं आम्ही बघू. सरकारने अट एकच घातली. कारभारी मंडळ निवडायला तिथे राहणारे मतदार हवेत. आता मगरींना मताचा हक्क नाही. तेव्हा कंपनीने आपल्याच जमिनीच्या एका कोपऱ्यात चाकांवरची नऊ घरं आणून ठेवली आणि त्यांत आपली नऊ भरवशाची, एकटी माणसं पेरली. भाडं नावापुरतं. बदल्यात वर्षातून काही वेळा अग्निशमन केंद्रात जमायचं आणि हात वर करायचा.

पेलिकनच्या सोंगाची फाटकी डोकी शिवण्यात ओपलची उमर गेली होती, तेव्हा हात वर करणं तिला काय जड! सभेची रीत ठरलेली. अध्यक्ष हॉलिससाहेब ठराव वाचायला लागत. ते पहिल्या स्वल्पविरामाशी पोचायच्या आत ओपल म्हणे, "मी मांडते." शेजारचा म्हातारा लेस्टर म्हणे, "माझं अनुमोदन." लेस्टरने जन्मभर आतषबाजीचे बाण उडवले होते, त्यामुळे त्याला ऐकू फारसं येत नसे, पण ओपलचे ओठ हलले की तो समजून जाई. मग नऊ हात वर, आणि सगळे बाहेर तळलेल्या मांगुर माशांवर तुटून पडत.

अशी सुखाने चाललेली गाडी यंदा अडली. राज्याच्या राजधानीतल्या मंडळींचं आणि कंपनीचं कशावरून तरी वाजलं आणि त्यांनी ही हद्दच बरखास्त करायचं ठरवलं. पण जुन्या कायद्यात एक पाचर निघाली. हद्द मोडायची तर तिथल्या मतदारांनी तसा कौल द्यायला हवा. म्हणजे सगळा डोंगर येऊन बसला त्या नऊ जणांच्या डोक्यावर.

ओपलचा धाकटा भाऊ ड्वेन रस्त्यापलीकडे, हद्दीबाहेरच्या कौंटीत, म्हणजे सरकारी जिल्ह्यात राहायचा. मासेमारीचे गळ आणि आमिषाचे किडे विकायचा. दर रविवारी तो ओपलच्या ओट्यावर येऊन पीचचं गोड कॉबलर हाणत कंपनीला शिव्या द्यायचा.

"स्वतःच परवाना मागायचा आणि स्वतःच द्यायचा! आणि तू? कंपनीच्या ताटाखालचं मांजर झालीयस नुसती."

"त्याच ताटातलं तिसऱ्यांदा वाढून घेतोयस," ओपल म्हणाली. "अरे, हद्द गेली तर कंपनीला मतदार कशाला लागतील? माझं घर उचलून रस्त्यावर ठेवतील. त्याला चाकं आहेत म्हणून मी काय सहलीला निघालेय का? आणि तुलाही सुख नाही बरं. रस्त्यांसाठी, गटारांसाठी हद्दीने काढलेलं कर्ज कौंटीच्या गळ्यात पडेल. घरपट्टी भरून भरून मरशील."

"हे तुला कंपनीच्या त्या वकिलाने पढवलंय."

पढवलं होतं हे खरंच. पण ड्वेनला ठाऊक नव्हतं ते असं, की ओपलला त्याचंच म्हणणं पटत होतं. शाळेतल्या पोराने स्वतःच स्वतःचा पेपर तपासावा तसला कंपनीचा कारभार तिला कधी पचला नव्हता. पण साठी उलटलेल्या बाईने मतापायी छप्पर घालवायचं म्हणजे जरा जास्तच झालं. त्या विचाराने तिला स्वतःची लाज वाटे, आणि लाज वाटली की ती ड्वेनला आणखी कॉबलर वाढी.

सभेच्या आधी कंपनीचा वकील कॉर्बिन नऊ जणांना घेऊन बसला. गुळगुळीत दाढीचा, घाई झालेला तरुण.

"आज प्रश्न सरकारने लिहिलाय. हद्द मोडावी का, असा. त्याला आपण 'नाही' म्हणायचं. कळलं ना?"

नऊ माना हलल्या. त्या कुठल्याही प्रश्नाला हलत, हे त्याच्या ध्यानात यायला हवं होतं.

सभेला गर्दी झाली. ड्वेन 'हद्द मोडा' अशी पाटी घेऊन मागे उभा होता. कौंटीच्या कर विभागातल्या किन्योनेसबाई पहिल्या रांगेत. दाराबाहेर कढई तापली होती आणि मांगुरांचा वास आत येत होता. हॉलिससाहेबांनी चष्मा लावला. "ठराव, की ही हद्द, तिच्या मालमत्तेसह आणि..."

"मी मांडते," ओपल म्हणाली.

"माझं अनुमोदन!"

नऊ हात वर.

जित्याची खोड ती, जाते कुठे! हॉलिससाहेबांच्या हातातून हातोडा सुटला आणि नेमका टेबलावर आपटला. हद्द मोडायचा ठराव मंजूर. नऊ शहाण्यांनी हात दाखवून अवलक्षण केलं होतं.

मग ड्वेनने पाटी उंचावून अशी आरोळी ठोकली की ती लेस्टरलाही ऐकू गेली.

"शाब्बास, ओपल! वाघीण आहेस!"

किन्योनेसबाई उठल्या. "अभिनंदन. आता ते कर्ज आमच्याकडे आलं. कौंटीतल्या प्रत्येकाची घरपट्टी वाढेल. थोडीथोडकी नाही."

"प्रत्येकाची?" ड्वेनने विचारलं. "म्हणजे आमिषाच्या दुकानाचीसुद्धा?"

"दुकानाची, घराची, मागच्या गोठ्याचीसुद्धा."

पाटी हळूहळू खाली आली. ड्वेन खुर्च्यांमधून वाट काढत बहिणीपाशी पोचला. "ओपल, अगं, बघतेस काय? परत घ्यायला लाव!"

"परत घेता येतं," कॉर्बिन नियमांचं पुस्तक चाळत म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "सभा संपायच्या आत. पण ज्याने ठराव मांडला त्यानेच मागणी करायला हवी. प्रुइटबाई, चला, करा पटकन."

ओपल बसून राहिली. आपण काही बोलायची कुणी वाट बघतंय, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तिला भीती वाटली आणि, खरं सांगायचं तर, मजाही वाटली.

"करते की," ती म्हणाली. "पण त्याआधी दुसरा एक विषय घ्या. आमच्या घरांखालची जमीन आमच्या नावावर करून द्या. नऊही जणांच्या."

"हे म्हणजे मताची किंमत मागणं झालं!" कॉर्बिन ओरडला.

"मत मी द्यायचं तसं देईन, बाळा. मी फक्त प्रश्न पुन्हा विचारायचा की नाही, एवढंच म्हणतेय. तुला घाई नसेल तर आपण मासे खाऊन येऊ."

किन्योनेसबाईंना अचानक खिडकीबाहेरचं ताडाचं झाड फार आवडायला लागलं. कॉर्बिन फोन घेऊन बाहेर गेला, लाल होऊन आत आला, पुन्हा बाहेर गेला. शेवटी आला तेव्हा त्याने मान डोलावली. अडलेल्याकडून आपलं पदरात पाडून घेणं, ही पेरलेल्या माणसांनी कंपनीकडूनच शिकलेली गोष्ट. जमिनीचा ठराव झाला, सह्या झाल्या, किन्योनेसबाई साक्षीला राहिल्या. मग ओपलने प्रश्न पुन्हा विचारायची मागणी केली.

या खेपेला हॉलिससाहेबांनी शब्दन् शब्द वाचला. "हद्द मोडू नये असं वाटणाऱ्यांनी हात वर करा."

लेस्टरने ओपलच्या ओठांकडे पाहिलं. ते हलेनात. बिचारा गोंधळला, मग इतरांचं बघून त्यानेही हात वर केला. आठ हात.

"मोडावी असं वाटणाऱ्यांनी?"

ओपलने हात वर केला.

हद्द वाचली. कॉर्बिनने डोळे मिटून घेतले. लोक कढईकडे धावले, पण ड्वेन जागचा हलेना.

"अगं, तू मोडायला मत दिलंस? माझी घरपट्टी?"

"वाचली ना तुझी घरपट्टी? आठ हात होते, मोजलेत मी."

"मग तुझा कशाला वर केलास?"

"मला तुझं केव्हाच पटलं होतं, ड्वेन," ओपल म्हणाली. "तेव्हा घराखालची जमीन माझी नव्हती."