माझ्या अंगात मुरलेलं ऊन

मी खिडकीची काच बोलतेय. बोलतेय कसली, खडखडतेय. मला चौकटीत धरून ठेवणारं लुकण एका कोपऱ्यात गळून पडलंय. खालून मोठी गाडी गेली की मी थरथरते. पण मध्यंतरी मी थरथरत होते ती गाड्यांमुळे नव्हे, जिवाच्या घालमेलीमुळे.

वाळूपासून झाले, भट्टीत तापले, आणि काचवाल्याने मापात कापून मला या वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसवलं. इथे एक सासू आणि तिची सून डॉक्टरांचे पांढरे कोट शिवतात. पांढऱ्या कापडाचं आणि रस्त्यावरच्या धुळीचं हाडवैर, म्हणून सुनेच्या नवऱ्याने खिडकीच्या कडीवर स्क्रू मारून ती कायमची बंद करून टाकली. उजेड यावा, धूळ येऊ नये. ते काम मी चोख करते. सासूबाई रोज सकाळी मला पुसतात आणि म्हणतात, या घरात एकटी हीच उलट बोलत नाही. सून गालात हसते.

मग सुनेला दिवस गेले आणि घरातलं हसणं कमी झालं. कारण गेल्या खेपेला बाळ फार लवकर आलं होतं आणि रडलंच नव्हतं.

या वेळी रक्त तपासलं तर व्हिटॅमिन डी फारच कमी निघालं. सारा दिवस घरात, मशीनवर वाकून, दुसरं काय होणार? डॉक्टरीणबाईंनी आठवड्याला एक कॅप्सूल लिहून दिली. पहिलीच कॅप्सूल उलटून पडली. सासूबाईंना तेवढंच निमित्त पुरलं. गेल्या वेळी पोरीने मुठीने गोळ्या खाल्ल्या, काय हाती लागलं? आणि डी तर उन्हातून मिळतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. काखेत कळसा नि गावाला वळसा कशाला? कॅप्सूलची पट्टी बॉबिनच्या डब्यात गेली आणि सुनेची खुर्ची माझ्यासमोर आली.

इथून माझी तगमग सुरू झाली.

कारण मला माझं अंग माहीत आहे. ऊन माझ्यातून जातं, पण सगळं नाही. उजेड जातो, ऊब जाते. अंगात डी तयार करणारे जे किरण, ते माझ्यातच मुरतात. ती बिचारी रोज बाह्या वर सारून बसायची, घामाने निथळायची, पोटावर हात ठेवून बाळाशी पुटपुटायची, आणि तिच्या वाट्याचं ऊन मी गिळत होते. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, त्यातलं कुत्रं मी.

मी खडखडले. गाडी नसताना, वारा नसताना खडखडले. सासूबाई वैतागल्या, कापडाची एक चिंधी घेतली आणि कोपऱ्यातल्या फटीत घट्ट कोंबली. झालं, माझं तोंडच बंद झालं.

पुढच्या तपासणीहून सून परतली ती पडलेल्या चेहऱ्याने. डी आणखी उतरलं होतं, रक्तदाब थोडा चढला होता. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं की ज्यांचं डी कमी असतं त्यांच्यात रक्तदाब वाढणं, साखर वाढणं, दिवस भरण्याआधी बाळंतपण होणं जास्त दिसतं. सगळा दोष त्याचाच असं कुणी छातीठोक सांगत नाही, पण कमतरता अंगावर काढायची नाही. मग त्यांनी विचारलं होतं, उन्हात बसतेस ती नेमकी कुठे?

"आई," सून हळूच म्हणाली, "काचेतून ते येतच नाही म्हणे."

सासूबाईंच्या हातातली कात्री तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे इतके दिवस मी तुला नुसतीच तापवली?"

"तुम्ही एकट्या कुठे? मीही बसलेच की."

त्या संध्याकाळी बॉबिनचा डबा उपडा झाला. कॅप्सूल जेवणानंतर घेतली की उलटत नाही, हे डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं. मुलाने कडीवरचे स्क्रू काढले, कोटांवर जुनी चादर पडली आणि मी पहिल्यांदा बाहेरच्या भिंतीला टेकले.

तरी काळजी संपली नव्हती. नववा महिना लागला तसा रक्तदाब पुन्हा चढला आणि सुनेला दवाखान्यात ठेवून घेतलं. त्या दुपारी घरात सासूबाई एकट्याच होत्या. मला उघडायच्या, लावायच्या, पुन्हा उघडायच्या. मला पुसायला आणलेल्या फडक्याने स्वतःचेच डोळे पुसायच्या. फटीतली चिंधी त्यांनी उगाच ओढून काढली आणि बोटाला गुंडाळत बसल्या.

फोन वाजला. मुलगा काय सांगतोय ते त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. नातू की नात, तेही विचारलं नाही.

"रडलं का?"

त्याने फोन बाळाजवळ धरला असावा. असं काही खणखणीत रडणं आलं की मी खडखडले. या वेळी कुणी चिंधी कोंबली नाही.

आता मी बहुतेक वेळ उघडीच असते. अंगावर धूळ बसते, बसू दे. तुमच्या घरात एखादी पोटुशी माझ्यासारख्या काचेच्या आड ऊन घेत बसली असेल, तर एवढं ऐका. डॉक्टरांनी दिलेलं औषध डब्यात टाकू नका. आणि मी खडखडले तर चिंधी शोधू नका, कडी काढा.