वाटेचं कुत्रं

माह्या सासऱ्याले कोनी समजावून सांगत असन तं सांगा बाप्पा, मी तं हात टेकले.

मी गोदाबाई. बालाघाटकडून जाता लामत्याच्या अलीकडं, टेकडीच्या पायथ्याशी आमचं गाव. गावचे ढोरं चाराचं काम आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या चालत आलं. माहा नवरा हेमराज गावचा ढोरकी, तो उन्हाळ्यात ट्रॉलीतून पडला, पायात लोखंडी पट्टी बसली, अन् तवापासून ढोरकीन मीच. सकाळी गावाबाहेरच्या आखरावर घरोघरचे ढोरं जमा होतात, ते टेकडीवर न्याचे अन् सांजचे परत आनाचे. ऐकाले सोपं वाटते. करून पाहा म्हना. वाटेच्या दोन्ही अंगानं धानाच्या बांध्या, म्हनजे लहान लहान वावरं, धान कमरेले आलेलं, अन् म्हशीच्या डोस्क्यात दिवसभर तेवढीच एक गोष्ट. इकडून हाकललं की तिकडून घुसते. मी एकटी बाई, कुठी कुठी पुरू?

भोजराज पटेलाच्या बांधीत ढोरं घुसले. एकदा झालं, त्यानं सोडून देलं. दुसऱ्यांदा झालं तं त्यानं गावाची बैठक बसवली. भोजराज मानूस वाईट नाई, शिवी देत नाई, पन बोलला म्हनजे बोलला. म्हने, "गोदाबाई, ढोरकी बदलाचा तं दिवाळीले बदलतात, पन आता अजून एक ढोर धानात गेलं तं दिवाळीची वाट पाह्याची नाई. ढोरं दुलीचंदच्या हवाली." दुलीचंदच्या घरी दोन जवान पोरं, त्याईचा डोळा आमच्या कामावर कवाचाच. ढोरं गेले म्हनजे धान कापल्यावर घरोघरून आमच्या वाट्याचं येते ते गेलं, अन् आमचं सारं वर्ष त्याच्यावर निघते. नवरा खाटेवर, पोरगी पौर्णिमा कॉलेजात. सांगा आता, मानसानं काय करावं?

घरी येऊन मी डोक्याले हात लावून बसली, तं सासरा म्हनते कसा, "वाटेचं कुत्रं आन."

सासऱ्याचं नावच दादाजी, म्हनून लहान-मोठे सारेच त्याले दादाजी म्हनतात. मी मामाजी म्हनते, अन् रागात असली तं मनातल्या मनात बुढा म्हनते. सध्या बुढाच म्हनून राह्यली.

हे वाटेचं कुत्रं मी या घरात पाय ठेवला तवापासून ऐकून राह्यली. बुढा जवानीत व्यापाऱ्यांचे ढोरं हाकत कटंगीच्या बाजारात नेत होता, पायी. संगं कुत्रं. ते कुत्रं भुंकत नाई, धावत नाई, जमिनीले चिकटून मागं मागं चालते. ढोर वाकडं गेलं का टाचेले दात लावते अन् तेवढ्यातच खाली लोळते, म्हनजे लाथ वरून जाते. ढोरं विकले का मानसं छोट्या रेलनं लामत्याले परत. रेलमंदी कुत्र्याले कोन घेईन? त्याले तेथीच सोडून द्याचं. ते वाटेवाटेनं, वैनगंगेचा पूल ओलांडून, एकटं घरी येते. "आमी पोचाच्या आधी ओट्यावर बसलेलं राहे," बुढा म्हने. दर वेळेस सांगताना ते कुत्रं जरासं अजून लवकर पोचे.

"मामाजी," मी म्हटलं, "ते कुत्रे गेले. आता ढोरं ट्रकात जातात. तुमची छोटी रेलबी गेली, मोठी आली. आताचे कुत्रे बिस्किट खातात अन् गाडीच्या मागं भुंकतात. कुठून आनू मी?"

"असन कुठी तरी. जात अशी मरत नाई."

हेमराज खाटेवर पडल्या पडल्या दुसरं काय करीन? त्यानं मोबाईलवर साऱ्या ग्रुपात टाकलं का ढोरं हाकनारं जुन्या जातीचं कुत्रं पाह्यजे. लोकांईनं काय काय फोटो पाठवले म्हनता! एकानं पांढरं, केसाळ, गादीवर बसलेलं कुत्रं पाठवलं, खाली लिहिलं, "बहुत समझदार है, हाथ मिलाता है." मले त्याचा हात घेऊन काय कराचं होतं? पौर्णिमा म्हने, "दादाजी, ब्रीड का नाम तो बताओ, बिना नाम के सर्च कैसे करूँ?" बुढा म्हने, "नाव कायचं? कुत्रं होतं." झालं. पोरगी हासून हासून बेजार, अन् मी म्हटलं, हासा, सारे मिळून हासा, ढोरं गेल्यावर काय खासान ते मले सांगा.

अन् खरंच एक निघालं. हट्टा गावचा वीरेंद्र, तेथच्या पायऱ्यांच्या जुन्या विहिरीच्या, बावडीच्या मागं घर आहे त्याचं, त्याचा निरोप आला. त्यानं म्हशी विकून टाकल्या होत्या, पन म्हशी हाकनारी कुत्री घरीच राह्यली होती. ढोरं नाई म्हटल्यावर ती मानसं हाके. गल्लीतले पोरं गोळा करून एका कोपऱ्यात उभे करे. लग्नाच्या वरातीतल्या बायांच्या टाचा धरून धरून तिनं अख्खी वरात बावडीकडं वळवली होती. वीरेंद्र फोनवर म्हने, "भाभीजी, भगवान के लिए ले जाओ."

टेम्पोत बसवून आनली. भुरी तिचं नाव. रंग धुळीचा, कान एक फाटलेला, पाय आखूड. मले तं पाहून रडूच आलं, म्हटलं हे काय हाकीन? दुसऱ्या दिवशी आखरावर नेली. भोजराजची मोठी म्हैस, जिनं मले दोनदा गावात खाली पाहाले लावलं, ती बांधीकडं वळली. भुरी खाली वाकली, गेली, टाचेले दात लावले अन् सपाट झाली. म्हशीची लाथ वरून गेली. म्हैस चुपचाप रांगेत आली.

बुढा काठी टेकत आखरावर आला होता. तो नुसता पाहत राह्यला.

त्यानंतरचे दिवस मी कवा भुलनार नाई. ढोरं पुढं, मंधात मी, मागं भुरी, इकडून तिकडं, तिकडून इकडं. टेकडीवर मी झाडाखाली बसून जेवली. बसून! उन्हाळ्यापासून उभ्या उभ्या भाकर खाऊन राह्यली होती. इतकं हलकं वाटलं का एकटीच हासली. भोजराजनं वाटेत थांबून भुरीकडं पाह्यलं अन् म्हने, "हे बरं केलं गोदाबाई." दिवाळी जवळ आली होती, धान पिवळं पडाले लागलं होतं. मले वाटलं, सुटलो आपन.

पन सुखानं बसू देईन तो माहा सासरा कसला?

"परीक्षा बाकी आहे," तो एका सांजेले म्हने.

"कोनाची?"

"भुरीची. हाकते तं दुसरे कुत्रेबी शिकवले तं हाकतात. वाटेचं कुत्रं तेच, जे एकटं घरी येते. बाजारातून एकटं घरी आल्याबिगर आमी कुत्र्याले आपलं म्हनत नव्हतो."

"मामाजी, हात जोडते. ती माह्या ढोरांमागं चालते तेवढं बस. मले तिची परीक्षा पाह्याची नाई."

"हौ, हौ," बुढा म्हने. त्याचं हौ म्हनजे काय असते ते मले इतक्या वर्षांत समजाले पाह्यजे होतं.

मंग एक दिवस हेमराजच्या पायाचा फोटो काढाले आमी दोघं बालाघाटच्या दवाखान्यात गेलतो. त्या दिवशी ढोरं घरोघरी बांधून ठेवा म्हनून गावाले सांगतलं होतं. सांजचं परत आलो तं बुढा ओट्यावर बसून रस्त्याकडं पाहत होता, चेहरा नवरदेवावानी.

"भुरी कुठी?" मी विचारलं.

"येते."

"कुठून येते?"

"कटंगीहून."

मले आधी समजलंच नाई. मंग समजलं. भाजीवाल्याच्या टेम्पोत बसून तो कुत्रीले कटंगीले घेऊन गेलता, बाजाराच्या मैदानात सोडून देली अन् सोता बसनं परत आला. ज्या म्हाताऱ्याले अंगनातून बाल्टी उचलून आन म्हटलं तं कंबर धरते, तो एवढं सारं एका दिवसात करून आला.

मी काय काय बोलली ते सांगन्यासारखं नाई. हेमराज कुबडीवर उभा राहून "अगं, अगं" करत होता. मी म्हटलं, "ती वाट तिनं पाह्यली आहे का? ते ट्रक, ते रेतीचे डंपर! चिरडून मेली असन!"

"वाटेचं असन तं येईन," बुढा म्हने. "अन् नाई आली तं समजाचं का ते नव्हतंच."

"ते नव्हतंच तं माहे ढोरं कोन हाकत होतं?"

तो ओट्यावरच झोपला, कुत्री आली तं पहिले त्याले दिसली पाह्यजे म्हनून.

हेमराजनं कटंगीच्या ओळखीच्या मानसाले फोन केला. मैदानात कुत्री नव्हती. दुसऱ्या दिवशी मी एकटीच ढोरं घेऊन निघाली, ओरडून ओरडून घसा बसला, पन निभवलं. त्याच्या पुढच्या दिवशी नाई निभवलं. भुरीच्या धाकानं सरळ झालेले ढोरं भुरी नाई म्हनून समजले, अन् एकदम दोन्ही अंगानं फुटले. भोजराजची बांधी कापाले आली होती. मी पोचली तवर अर्धी तुडवली होती. मी चिखलात उभी राहून म्हशीले मारत होती अन् रडत होती.

भोजराज आला. त्यानं आवाजबी चढवला नाई. म्हने, "उद्या सकाळी आखरावर येऊ नको, गोदाबाई. दुलीचंदचे पोरं येतीन." मी काय म्हननार होती? धान त्याचं होतं अन् शब्द त्यानं आधीच देला होता.

सांजचं आमी घरात बसलो होतो, दिवाबी कोनी लावला नव्हता, तं हेमराजचा मोबाईल वाजला. वीरेंद्र होता. "भाईसाहब, भुरी आपके यहाँ नहीं है क्या? यहाँ आँगन में पड़ी है. पंजे पूरे छिल गए हैं, पानी पिए जा रही है."

मंग बुढा उभा राह्यला. "गेली! कटंगीहून हट्ट्याले! जी वाट कवा पाह्यली नाई त्या वाटेनं गेली. म्हटलं नव्हतं मी? अजून आहे, गोदा. मले वाटे ते कुत्रे संपले." त्याच्या डोळ्यांतून पानी वाहून राह्यलं होतं. इतका खूश मी त्याले आमच्या लग्नातबी पाह्यला नव्हता.

"मामाजी," मी म्हटलं, "ढोरं गेले."

तो खाली बसला.

"मी पहाटेच्या बसनं हट्ट्याले जाते," मी म्हटलं. "भुरीले आनते अन् भोजराजच्या पाया पडते. कुत्री पाहून मानला तं मानला."

"तसं नाई करता येत." बुढ्याचा आवाज एकदम लहान झाला. "एकट्यानं घरी आलेलं कुत्रं त्या घराचं. ते मंग कोनाले द्याचं नाई, विकाचं नाई. मरेपर्यंत. अन् आनशीनबी तं आता थांबनार नाई ती."

माह्या अंगाची लाही लाही झाली. "मंग तुमच्या वेळी कुत्रे कुठून आनत होते तुमी?"

"आनाचे कायले? घरातच जन्मत."

"अन् भुरी कोनाच्या घरात जन्मली?"

हेमराजनं मान फिरवली. मंग बुढा म्हने, "हे मले सुचलंच नाई, गोदा. मले वाटलं, घर म्हनजे आपलंच."

त्याच्यावर काय ओरडू? मी त्याच्या समोर बसली. "मामाजी, माहं माहेर तिरोडीचं. लग्न होऊन आली तवा तुमी मले कटंगीच्या बाजारात सोडलं असतं ना, तं मी सरळ तिरोडीले गेली असती. मागं वळून पाह्यलं नसतं."

तो माह्याकडं पाहत राह्यला. "अन् आता सोडलं तं?" त्यानं विचारलं, अन् खरंच भ्याला होता तो.

"आता? आता इथंच येईन, अन् आल्या आल्या तुमच्या टाळक्यात काठी हानीन. चाला, जेवून घ्या."

तो जेवला. मी ढोरं हाकाची काठी धुतली, चिखल काढला अन् दाराच्या मागं ठेवली. मंग पौर्णिमाले म्हटलं, उद्या मले लवकर उठवू नको.