बॉबिनचा दुसरा डोस

मी वाचत बसलो की ती पायाशी येऊन बसते, म्हणून मी तिला तळटीप म्हणतो. चार-पाच महिन्यांची मांजर, दुपारपुरती येणारी. रस्त्यावर मांजरांच्या रोगाची साथ आली आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराची दोन पिल्लं उलट्या होऊन गेली, तेव्हा मी तिला घरातच कोंडलं. लस द्यायला हवी हे वाचून माहीत होतं. पण दवाखान्यात जाऊन बोलायचं काय, हे ठरवण्यात दहा दिवस गेले. शेवटी एक वाक्य पाठ करून, तिला टोपलीत घालून निघालो.

डॉक्टरीणबाईंनी झाकण उघडलं. माझं वाक्य ओठांवर यायच्या आत त्या म्हणाल्या, "अहो, ही तर बॉबिन."

मागच्या गल्लीत कपडे शिवणाऱ्या बाई राहतात, मांजर त्यांची, नावही शिलाई मशीनमधल्या रिळाचं. पहिला डोस त्यांनीच इथे आणून देववला होता. दुसरा तीन-चार आठवड्यांनी द्यायचा असतो, त्याशिवाय लस पुरती लागू पडत नाही. ती तारीख चार दिवसांपूर्वीच होऊन गेली होती आणि मांजर सापडेना म्हणून बाई दोनदा इथे विचारून गेल्या होत्या. म्हणजे जिला जपायला मी कोंडलं, तिचाच डोस मी चुकवला होता. चार दिवसांनी काही बिघडत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी बाईंना फोन लावला. आता आपली मांजर हातची गेली, हे मी मनाशी धरून चाललो.

बाई गळ्यातल्या टेपसकट धावत आल्या. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "आजोबा, चोर चष्म्यातला असेल असं वाटलं नव्हतं."

मी म्हणालो, "तुम्ही पहिला डोस देववला होतात म्हणून ही आज..." त्यांनी मान हलवली. त्यांना कळलं असावं.

डॉक्टरीणबाईंनी फ्रिजमधून कुपी काढली तशा बाई भिंतीकडे वळल्या. दिवसभर सुई हातात असते, पण ही सुई बघवत नाही, म्हणे. मागच्या वेळी मांजरीने त्यांचा हात ओरबाडून काढला होता. मग मीच धरलं. तिने माझ्या कोपरात तोंड खुपसलं आणि हूं की चूं केलं नाही.

कार्डावर पुढच्या वर्षीची तारीख पडली. बाईंनी कार्ड माझ्या हातात दिलं.

"दुपारी तुमच्याकडे, रात्री माझ्याकडे. पण पुढच्या वर्षीही धरायला तुम्हीच."

माझ्या वयाच्या माणसाला वर्षभर पुढची तारीख सहसा कोणी देत नाही. मी चाचरत म्हणालो, वर्षभरात माझं काही...

"ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "यायचं."

मी ती तारीख त्यांच्यासमोर तीनदा वाचली आणि कार्ड वरच्या खिशात ठेवलं.