क्षीरसागरांचं स्थळ

"तेजूचं ठरलं. आता नाव काढून टाका," कारभारी क्षीरसागर खुर्चीत टेकत म्हणाले. पंचवटीतल्या या वधूवर मंडळात ते लेकीसाठी नांदगावहून दीड वर्ष खेपा घालत होते.

मंडळ चालवणाऱ्या सरिताने कॉम्प्युटरवर आडनाव टाइप करून शोधलं. "काका, नावच नाहीये."

"नाय म्हंजे? मग इतके दिवस काय शोधत व्हत्या?"

सरिता गोंधळली. तिने सगळी स्थळं उघडून एकेक पान खाली सरकवलं, तर तेजस्विनी क्षीरसागर, नर्स, फोटोत हसत होती. पुन्हा आडनावाने शोधलं, तर नाही! मुलगी आहे पण आणि नाही पण, हा काय चावटपणा?

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या धम्मपालला बोलावलं. "मॅडम, सर्व्हर बदलला तेव्हा अक्षरांचा क्रम लावायचे नियम नवे आले," तो म्हणाला. "अनुक्रमणिका मात्र जुन्याच नियमाने लावलेली राहिली. मशीन 'क्ष'ला नव्या जागी शोधतंय, नाव पडलंय जुन्या जागी. नियमांची कोणती आवृत्ती होती ते सिस्टिम लक्षात ठेवते, आणि जुळलं नाही की सांगते. रोज सूचना येत असेल ना?"

सूचना रोज येत होती. ती इंग्रजीत असायची, म्हणून सरिता रोज ओके दाबून मोकळी व्हायची.

"ओझरचे लोक आले होते," ती पुटपुटली. "क्षीरसागरांची नर्स मुलगी आहे ना, म्हणून विचारत होते. मी नाही म्हणून सांगितलं."

कोणावर रागवावं तेच कारभारींना कळेना. पोरीला कोणी विचारत नाही म्हणून त्यांनी त्र्यंबकला पत्रिकेतल्या दोषाची शांत करून घेतली, तिलाच नको ते बोलले, आणि शेवटी आधी नाकारलेलं मनमाडचं, एका मुलीचा बाप असलेल्या बिजवराचं स्थळ पत्करलं.

"म्हंजे पत्रिकेत कायबी दोष नव्हता?" त्यांनी धम्मपालला विचारलं. पत्रिकेचं त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

त्याने अनुक्रमणिका नव्याने लावली. शोधल्याबरोबर नाव आलं.

"काका, ओझरच्या मुलाचं अजून ठरलेलं नाही," सरिता हळूच म्हणाली. "फोन लावू?"

कारभारी लेकीच्या फोटोकडे बघत राहिले. हो म्हणावंसं त्यांना फार वाटलं.

"मनमाडची ती बारकी पोर तेजूला मम्मी म्हनाया लागली वो," शेवटी ते म्हणाले. "तेजूबी तिच्यासाठी फ्रॉक शिवत बसती. काढा नाव."

सरिताने नाव काढलं. कारभारींनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला, आधी धम्मपालपुढे धरला, मग तिच्यापुढे. तिने पेढा घेतला आणि न खाताच टेबलावर ठेवला.