खैरुन्निसाचा पंप

"ताई, एवढे ठिपके कशाला टाकता?" खैरुन्निसा माझ्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे बघत म्हणाली. "नवशिका टेलर टाके घालतो तसं झालंय. तीन पुरे."

मी पंपाच्या बाहेरच्या कवचाची वळणदार रेघ गिरवण्याचा सराव करत होते. सतरा ठिपके टाकले होते, तरी वळण ठेचकाळलेलं दिसत होतं. तिने माउस घेतला, माझी रेघ पुसली आणि तीन ठिकाणी टिचकी मारली. प्रत्येक ठिपक्यातून दोन बाजूंना दांड्या निघाल्या. त्या तिने जरा ओढल्या, जरा वळवल्या. रेघ शंखासारखी गोल फिरून जागेवर आली.

"हे कुठे शिकलीस?"

"कुठे शिकणार? श्रीवर्धनला कुडत्यांच्या गळ्यांवर भरतकाम करायचे. वळणावर टाके जास्त झाले की कापड गोळा होतं. इथं पण तसंच हाय."

तेवढ्यात फोन वाजला. तिने ओढणी सारखी केली आणि वेगळ्याच आवाजात "गुड मॉर्निंग" म्हणाली.

हे २००१ सालचं. शारजातल्या हमरिया फ्री झोनमध्ये पाण्याचे पंप जोडणारी आमची छोटी कंपनी होती. खैरुन्निसा तिथे रिसेप्शनिस्ट. तिचा नवरा गनी मागे स्टोअरमध्ये. तिचं शिक्षण दहावी. आधीचा आर्टिस्ट नोकरी सोडून गेला तेव्हा त्याचं सॉफ्टवेअर रिसेप्शनच्या संगणकावर तसंच राहिलं. दोन फोनांच्या मधल्या वेळात ती ते उघडून बघू लागली. वर्षभरात तिने आमच्या सगळ्यात मोठ्या पंपाचं चित्र काढलं होतं, मधोमध कापून आतलं दाखवावं तसं. दोनशे बारा तुकडे. प्रत्येक बोल्ट वेगळा.

मॅनेजर सुजीत सरांनी तिला शब्द दिला होता. दुबईतलं एक्झिबिशन पार पडलं की एक तारखेपासून तिच्या लेबर कार्डावर, म्हणजे कामाच्या सरकारी परवान्यावर, रिसेप्शनिस्टच्या जागी डिझायनर लिहून येणार. गनी एकदा मुद्दाम मला सांगायला आला होता. "मॅडम, इन्शाल्ला हिचं नवं कार्ड आलं की मी कॉपी काढून गावाला धाडणार. माझ्या सासऱ्याला वाटतं, पोरगी इथं नुसते फोन उचलते."

"नुसते फोनच उचलते," खैरुन्निसा म्हणाली. "चित्र काय, फोन नाय वाजला की काढते."

मी त्या ऑफिसात तिच्यानंतर आले आणि तिच्या वर बसले. फिजिक्सची एम.एस्सी., पुण्यात तीन वर्षं लेक्चरर, मग लग्न, शारजा, मुलगी ईशानी आणि सात वर्षं घर. मग रोला भागातल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये सहा आठवड्यांचा वेब डिझाइनचा कोर्स. इंटरव्ह्यूमध्ये सुजीत सरांनी विचारलं, व्हेक्टर आणि बिटमॅपमध्ये फरक काय? मी सांगितलं, बिटमॅप म्हणजे रंगीत चौकटींची जाळी. मोठी केली की चौकटी दिसू लागतात. व्हेक्टर म्हणजे रेषेचं समीकरण. कितीही मोठं करा, यंत्र ते नव्याने सोडवतं आणि कड स्वच्छ राहते.

"परफेक्ट," ते म्हणाले. "इतके लोक आले, एकाला धड सांगता आलं नाही. सायन्सचा बेस पाहिजे, तो असा."

त्यांनी वेबसाइट माझ्याकडे दिली. खैरुन्निसाने मला मदत करायची असं ठरलं. प्रत्यक्षात ती मला शिकवत होती. फक्त तसं कुणी म्हणत नव्हतं, आणि मीही म्हटलं नाही.

तिच्या चित्रात प्रत्येक थराला नाव होतं. कवचाच्या थराला तिने 'शंख' म्हटलं होतं, आत फिरणाऱ्या चाकाला 'पाती', मधल्या शाफ्टला 'दांडा'. इंग्रजी अक्षरांत लिहिलेले तिचे शब्द. पहिल्याच आठवड्यात मी ते बदलून व्हॉल्यूट केसिंग, इम्पेलर, शाफ्ट असं नीट केलं. तिला सांगितलं, क्लायंटने पाहिलं तर बरं दिसत नाही. तिने नवी नावं वहीत उतरवून घेतली.

त्या मंगळवारी मुलाला लस टोचून घ्यायची म्हणून ती रजेवर होती. मला वेबसाइटच्या पहिल्या पानासाठी पंपाचं छोटं चित्र हवं होतं. मी तिच्या खुर्चीत बसून तिची फाइल उघडली, चित्र चारशे पिक्सेल रुंदीचं केलं आणि वेबसाठी वेगळं काढून, तिच्या फाइलचं होतं त्याच 'पंप' नावाने ठेवलं. त्या सॉफ्टवेअरची गंमत अशी होती की त्याची स्वतःची फाइल, जिच्यात सगळ्या रेषा सुट्या आणि जिवंत असतात, आणि वेबसाठी काढलेलं चपटं चित्र, दोघांच्या नावाचं शेपूट, म्हणजे टिंबापुढची अक्षरं, एकच. कोर्सच्या नोट्समध्ये मी त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली होती. संगणकाने विचारलं, या नावाची फाइल आधीपासून आहे, बदलायची का? मी हो म्हटलं. मग मूळ फाइल बंद करताना विचारलं, बदल ठेवायचे का? मी नाही म्हटलं. तिच्या मूळ चित्राला धक्का लागू नये म्हणून. हे मला आजही आठवतं, की त्या क्षणी मला आपण काळजीपूर्वक वागतोय असंच वाटत होतं.

पहिलं पान सुरेख दिसलं. मी साडेपाचची बस पकडली.

पुढच्या सोमवारी एक्झिबिशनचे फलक छापणाऱ्या गुणवंतचा फोन आला. खैरुन्निसाने तो सुजीत सरांच्या केबिनमध्ये जोडला, आणि दोन मिनिटांत आम्हा दोघींना आत बोलावणं आलं. फोन स्पीकरवर होता.

"साहेब, पिक्चर फाटतंय," गुणवंत सांगत होता. "चार मीटरचा फलक आहे. मी मोठं केलं तर पंप नाही, बर्फीचं ताट दिसतंय. मला रेषांची फाइल पाठवा ना."

"तीच पाठवली," खैरुन्निसा म्हणाली.

"ती नाही ती, ताई. अडतीस केबीची आहे."

ती बाहेर जाऊन संगणकापाशी बसली. आम्ही मागे उभे राहिलो. तिने फाइल उघडली आणि शंखावर टिचकी मारली. ठिपके आले नाहीत. सगळा पंप एकदम निवडला गेला, एखाद्या फोटोसारखा. तिने पुन्हा टिचकी मारली. मग हळूहळू बोल्टवर, पात्यांवर. दोनशे बारा तुकड्यांचा एकच तुकडा झाला होता.

"बॅकअप?" सुजीत सरांनी विचारलं.

"फ्लॉपीत मावत नव्हती, सर."

"आता मावेल." ते हसले नाहीत. "तुझ्या मशीनवरची फाइल. तू फ्लॅटन केलीस आणि वर सेव्ह केलीस. बेसिक मिस्टेक आहे ही. विभावरी मॅडम आल्यापासून शिकतेस ना त्यांच्याकडून?"

तिने फाइलवर उजवी टिचकी मारून माहितीची छोटी खिडकी उघडली. शेवटचा बदल: मंगळवार, चार वाजून चाळीस मिनिटं. सर तोपर्यंत मोबाइलवर नंबर शोधत होते. ती तारीख तिने वाचली, मी वाचली. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. वर्गात उत्तर माहीत असलेल्या मुलीकडे बाकीचे बघतात, तसं ती बघत होती.

मला दोन वाक्यं बोलायची होती. नोकरी जाण्याची भीती नव्हती; माझ्या नवऱ्याचा, सुयशचा पगार पुरेसा होता. मला लाज वाटली. जो फरक तोंडपाठ सांगून मी ही खुर्ची मिळवली, तोच मला हाताने कळला नव्हता, हे तिच्यासमोर आणि सरांसमोर उघडं पडणार होतं. मी खिडकीबाहेर लोडिंग बेकडे पाहिलं.

खैरुन्निसाने माहितीची खिडकी बंद केली.

"परत काढते, सर."

"छपाईला द्यायला बारा दिवस आहेत."

"काढते."

"आणि ते कार्डाचं आता राहू दे. फाइल सांभाळता येत नाही, डिझायनर काय लिहायचं? नेक्स्ट इयर बघू. खलास."

"बरं, सर," ती म्हणाली, आणि वाजणारा फोन उचलला.

घरी गेले तेव्हा ईशानी संगणकावर मांजराचं चित्र मोठं मोठं करत बसली होती. "आई, लुक. इफ यू गो व्हेरी क्लोज, इट्स ओन्ली बॉक्सेस." मी तिला संगणक बंद करायला सांगितलं. आवाज चढला असावा. सुयश स्वयंपाकघरातून डोकावला. त्यालाही मी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले. ती आधीच आली होती. डबा न उघडता बाजूला ठेवलेला, पडद्यावर कवचाची पहिली रेघ.

"खैरुन्निसा, त्या मंगळवारी..."

"मंगळवारी मी नव्हते, ताई," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "मला काय माहीत, कोण बसलं होतं."

मी तिच्याशेजारी खुर्ची ओढली. मग म्हटलं, "बोल्ट मी काढू का?"

"नको. ठिपके जास्त होतील."

तिने अकरा दिवसांत पंप पुन्हा काढला. शुक्रवारच्या सुट्टीतही गनी तिला गाडीतून सोडायला यायचा आणि बाहेर सावलीत बसून राहायचा. मला तो पूर्वीसारखाच सलाम करत होता, त्यावरून तिने त्यालाही सांगितलं नसावं. बाराव्या दिवशी तिने फाइल मला तपासायला दिली, सोबत एक सीडीही. मी थरांची यादी उघडली. शंख नव्हता. पाती नव्हती. व्हॉल्यूट केसिंग, इम्पेलर, शाफ्ट. माझे शब्द, वहीतून उतरवलेले, स्पेलिंगसकट बरोबर.

"नावं... तू तुझीच ठेवायची होतीस," मी म्हटलं.

"क्लायंटने पाहिलं तर बरं दिसत नाय," ती म्हणाली. टोमणा होता की नाही, मला ठरवता आलं नाही.

दुबईतल्या एक्झिबिशनमध्ये आमच्या स्टॉलच्या मागे चार मीटरचा तो पंप उभा राहिला. खैरुन्निसा त्याच्याखाली टेबलाशी बसून माहितीपत्रकं वाटत होती. तिच्या बॅजवर नाव होतं आणि त्याखाली रिसेप्शनिस्ट. दुसऱ्या दिवशी अल ऐनहून आलेला एक वयस्कर इंजिनियर चित्रासमोर बराच वेळ थांबला. मग त्याने तिला हिंदीत विचारलं, "ये ड्रॉइंग किसने बनाया? बहुत साफ काम है."

तिने माहितीपत्रकांचा गठ्ठा सारखा केला आणि माझ्याकडे हात केला. "मॅडम ने. एम.एस्सी. हैं."

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं. तोवर त्याने खिशातून आपलं कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं होतं. मी ते घेतलं आणि थँक यू म्हटलं.

संध्याकाळी हॉल रिकामा झाला. खैरुन्निसा खुर्च्या एकावर एक ठेवत होती. मी फलकाजवळ गेले, अगदी नाक टेकेल इतकी. कवचाची कड माझ्या बोटापेक्षा जाड झाली होती, आणि कुठेही फाटली नव्हती. छापलेल्या रेघेत ठिपके दिसत नाहीत. तरी मी वळणावरून बोट फिरवत गेले, आणि जिथे ते असणार होते त्या तीन जागी थांबले.