बोटाला लागेल अशी पाकोळी

पेंटरकाकांचा एकच तोरा होता. गाडीवर नक्षी काढायची, वरून पारदर्शक क्लिअर कोटचे हात मारायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, "डोळे मिटा, बोट फिरवा. रंग कुठे सुरू होतो ते कळलं, तर धंदा सोडीन." आजवर कुणाला कळलं नव्हतं.

टॅक्सीवाली पोरगी गाडी न्यायला आली ती वडिलांना हाताला धरून. टॅक्सी आधी तेच चालवायचे. नजर अधू होत होत पार गेली, तेव्हा किल्ली लेकीकडे आली. तिने हौसेने दोन्ही अंगांना पाकोळ्यांचा थवा काढून घेतला होता.

"बाबा, बघा ना," ती म्हणाली. त्यांच्या घरात अजून 'बघा'च चालायचं.

वडिलांनी दारावर तळवा टेकवला. पुढे नेला, मागे आणला, पुन्हा पुढे नेला. काका सवयीने हसायला लागले होते, ते मध्येच थांबले. वडील पाखरं शोधत होते.

"छान झालंय," शेवटी ते म्हणाले. "अगदी गुळगुळीत."

"आवडलं?"

"तर! सुरेखच."

लेकीने तोंड फिरवलं. ज्या 'गुळगुळीत'ने काकांची छाती फुगायची, तोच शब्द आज त्यांना टोचला.

"किल्ली राहू दे, पोरी. परवा ये. थोडं काम राहिलंय."

"आता काय राहिलं?"

"राहिलंय म्हणतो ना!"

ती दोघं गेल्यावर काकांनी ड्रायव्हरशेजारच्या दाराचा आरशासारखा कोट घासायला घेतला. जीव तुटत होता, पण घासला. कडेने टेप लावून एकाच पाकोळीवर रंगाचे थरावर थर चढवले आणि रंग ओला असतानाच टेप ओढली. कड टच्चकन उभी राहिली. दुसऱ्या कुणी असं काम केलं असतं, तर काकांनी त्याची खरडपट्टी काढली असती. वरून क्लिअर कोटचा एकच पातळ हात मारला.

ठरल्या दिवशी वडील दाराची कडी चाचपडत होते, तेवढ्यात बोट अडखळलं.

"हे काय? मासा?"

"मासा?" काका उसळले. "पाकोळी आहे ती!"

"मग शेपूट असं फाटलेलं का?"

"त्यांचं तसंच असतं, बाबा," लेक हसत सुटली.

"असेल बाई. दिसत होतं तेव्हा तरी कुठे बघितलं? सगळं लक्ष रस्त्यावर." ते पंखावरून चोचीपर्यंत गेले, परत आले. ओठ हलत होते. "कुठे निघालीय ही?"

"पुढेच," काका म्हणाले. "बाकीच्या तिच्या मागे आहेत."

"बाकीच्या कुठे कुठे आहेत?"

काकांनी त्यांचा हात हातात घेतला. "या. एक इथे, चाकाच्या वर. ही जरा आळशी आहे, मागे पडलीय. आणि ही बघा, हिच्याशी भांडतेय..."

लेकीने गाडी सुरू केली होती. तिने ती बंद केली आणि वाट बघत बसली.