बुधरीच्या तीन फुल्या

बुधरीनं गाऊनची नाडी सोडली आणि चक्क हसली. चौदा दिवसांत ही बाई एकदाही हसली नव्हती. तिनं छातीकडे बोट दाखवलं आणि पडद्याबाहेर बसलेल्या नवऱ्याला, लालसूला, ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्यांच्या माडिया बोलीत काहीतरी बोलली.

“ती म्हन्ते, आता पुसून दाखव म्हना!” लालसू बाहेरून ओरडला. त्याच्या आवाजातही केवढा पराक्रम केल्याचा आनंद.

मी वाकून बघितलं. छातीच्या मधोमध एक फुली, दोन्ही बगलांखाली एकेक फुली. आम्ही जांभळ्या शाईनं काढतो त्याच तीन फुल्या. पण आता हिरव्याकाळ्या, सुजलेल्या, आणि डाव्या बगलेखालची तर पाणी धरलेली. बुधरीनं त्या गोंदून घेतल्या होत्या.

“अवो माय! हे कराले कोनं सांगतलं तुमाले?”

“तूनंच सांगतलं ना, बाई,” लालसू म्हणाला.

मी चंद्रपूरच्या एका कॅन्सरच्या दवाखान्यात मशीनपाशी कामाला आहे. पेशंटला आत न्यायचं, गाऊन घालायचा, टेबलावर झोपवायचं, ‘हलू नोको’ म्हणून दटावायचं, हे माझं काम. स्टाफ मला मावशी म्हणतो, पेशंट बाई म्हणतात. दवाखान्यात आठ वर्षं झाली, मशीनपाशी तीन. मशीनचं नाव लिनियर ॲक्सिलरेटर. आमचे अतुल सर, म्हणजे मशीनचा अभ्यास केलेले फिजिक्सवाले, सांगतात की आत विजेचे बारीक कण जवळपास उजेडाच्या वेगानं पळवतात आणि धातूवर आदळवतात, त्यातून किरण निघतात. असतील. मला एवढंच कळतं की कण कितीही पळोत, टेबलावरचं माणूस जागचं हलायला नको.

त्यासाठी त्या फुल्या. भिंतीतून लाल उजेडाच्या रेघा येतात, त्या फुल्यांवर बरोबर बसल्या की माणूस जागेवर. बुधरीचा डावा स्तन काढलेला होता आणि आजार परत उगवू नये म्हणून पंचवीस दिवस किरण द्यायचे होते. पण मार्च महिना, चंद्रपूरचं ऊन, धर्मशाळेत पत्र्याचं छत. घामानं फुल्या पुसट होत आणि टेक्निशियन दीपालीला त्या पुन्हा काढाव्या लागत. मग माझं तोंड सुटायचं. माझं तोंड फटकळच आहे, घरी नवराही हेच म्हणतो.

“मशीनले का डोळे हायेत, बुधरीबाई? फुल्या गेल्या तं ते तुले ओळखनार नाई. सारं वाया जाईन. जप जरा!”

असं मी एकदा नाही, दहादा सुनावलं असेल. लालसूनं ते तिला समजावून सांगितलं असेल. शुक्रवारी दोघं गावी गेले, कारण गावात मोहाचा पंडुम, म्हणजे सण, होता. नव्या मोहफुलांची आधी देवापुढे पूजा होते, त्याआधी कोणी एक फूल वेचत नाही, आणि पूजेला घरचं माणूस लागतंच. गोंदणारी बाईही गावात आलेली. लालसूनं विचार केला, पुसायची भानगडच नको. काजळी आणि बिब्याचं तेल. किरणांनी आधीच करपलेल्या कातडीवर सुया. आणि ती बाई ते सोसून हसत माझ्यासमोर उभी राहिली, शाबासकी मिळेल म्हणून.

शाबासकी कसली! मी तिच्यावर ओरडले. घाबरले की मला ओरडायलाच येतं. बुधरीचं हसू गेलं ते गेलंच. तिनं गाऊन छातीशी गच्च धरला.

दीपालीनं डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी कातडी बघितली आणि मशीन थांबवायला सांगितलं. “जखमा पूर्ण सुकेपर्यंत किरण नाहीत. दहा दिवस तरी. खरं तर मधे खंड पडायला नको होता, राहिलेली आजाराची एखादी पेशी डोकं वर काढते.” मग चिडून म्हणाल्या, “यांना गोंदायला सांगितलं कोणी?”

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. एरवी दहा शब्दांच्या जागी शंभर बोलणारी मी, त्या क्षणी मुकी झाले. कंत्राटाची नोकरी. लालसूनं माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं कळलं असणार, कारण तो डॉक्टरबाईंना म्हणाला, “कोनी नाई सांगतलं, मॅडम. आमचंच डोस्कं.”

मलम घेऊन ती दोघं मोटरस्टँडकडे निघाली. दहाव्या दिवशी नक्की या म्हणून मी फाटकापर्यंत सांगत गेले. लालसू हो म्हणाला. बुधरीनं मागं वळून बघितलं नाही.

दहावा दिवस गेला. अकरावा गेला. बाकी पेशंट येत होते, जात होते. मी सकाळी यादी बघायची, बुधरीच्या नावापुढे दीपालीनं मारलेली आडवी रेघ बघायची आणि दिवसभर कोणाशी नीट बोलायची नाही. लालसूच्या फोनला तिकडे रेंज नाही. दीपालीनं तीनदा लावला, दवाखान्यातून निरोपही पाठवला, कोणाकडून काही कळलं नाही.

बाराव्या दिवशी आचलचा फोन आला. आचल माझी मुलगी. आम्ही ब्रह्मपुरीकडचे ढिवर, नवरा बाबुलाल अजून तलावात जाळं टाकतो. आचल शिकली आणि दोन मैत्रिणींना घेऊन तलावाच्या पाण्यातली हवा मोजणारं यंत्र बनवून राहिली आहे, म्हणजे मासे मरायच्या आधी फोनवर कळतं. नव्या कंपन्यांना तीन महिन्यांत घोटून घोटून उभं करणारी एक शाळा असते, ती सध्या त्या शाळेत, पुण्याला. तिलाही ॲक्सिलरेटरच म्हणतात. वर तिच्या कॉम्प्युटरला हिशेब लवकर करणारं कार्ड लागतं, त्याचंही नाव तेच. बाबुलाल म्हणतो, आपल्या लुनाचा एक्सिलेटर तेवढा दुरुस्त करून द्या, बाकीचे तुम्ही ठेवा.

“आई, आवाज असा काऊन येऊन राह्यला तुहा?” तिनं विचारलं. मग मी सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंसमोर गप्प बसले तेही सांगितलं.

ती समजूत काढायला लागली. “अवो, होते चुकी. आमाले तं इथी रोजच सांगतात, लवकर चुका, लवकर शिका. जेवढं लवकर चुकसान तेवढं पुढे जासान.”

“तुमच्यात चालत असंन, पोरी,” मी म्हटलं. “तुमची चुकी झाली तं यंत्र नवीन करता येते. माही चुकी त्या बाईच्या आंगावर हाय. मी लवकर चुकली काय न् उशिरा चुकली काय, कातडं आपल्याच चालीनं येते.”

 

“मंग तू कायची वाट पाहून राह्यली?” आचल हळूच म्हणाली. “जाऊन ये ना तिच्याकडे.”

पोटची पोर अशी सरळ बोलली की मला रागही येतो आणि बरंही वाटतं.

दुसऱ्या दिवशी सुटी टाकून मी अहेरीची गाडी धरली. बुधरीचं गाव कागदावर होतं, पण तिथं बस जात नव्हती. अहेरीचा आठवडी बाजार होता त्या दिवशी, आणि मोहाच्या दिवसांत बाजाराला कोण येत नाही? अर्धा बाजार पालथा घातला. मिरची, सुकट, मातीची मडकी, आणि सगळीकडे वाळलेल्या मोहाचा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास. शेवटी मीठवाल्याच्या पलीकडे ती दोघं दिसली. पुढ्यात मोहफुलांच्या दोन टोपल्या. बुधरी उकिडवी बसली होती, पदर खांद्यावरून घट्ट ओढून.

मला बघून लालसू उभाच राहिला. “जोहार, बाई! तू इथी कशी?”

मी खाली बसले. वाटेत काय काय बोलायचं ठरवलं होतं. “काऊन नाई आलात हो?” एवढंच निघालं.

“येऊन काय फायदा?” लालसू म्हणाला. “ती म्हन्ते, मशीन बिघडवलं मी. बाई रागावली, डॉक्टर रागावली. आता मले आत घेनार नाई. मीबी म्हटलं, रोज कायले कोनाच्या शिव्या खावाच्या.”

त्या बाईला वाटत होतं, चूक तिची आहे! मला तिथं, भर बाजारात, रडू आलं. मीठवाला बघायला लागला. बघू दे.

“लालसूभाऊ, तिले सांगा,” मी म्हटलं, “चुकी माही होती. मशीन ओळखनार नाई, असं मीच भेव दाखवलं. सरळ सांगाले पाहिजे होतं का पुसली तं पुन्हा काढून देऊ, त्यात काई नाई. तुमी एवढं सोसलं आन् मी वरून तुमाले बोलली. डॉक्टरबाईनं इचारलं तवा चूपबी राह्यली. माफ कर म्हना मले.”

लालसूनं ते माडियात सांगितलं. माझ्या चार वाक्यांना त्याला बराच वेळ लागला. बुधरीनं पूर्ण ऐकून घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि टोपलीतली मूठभर मोहफुलं माझ्या पदरात टाकली. मग काहीतरी बोलली.

“ती म्हन्ते, रडू नोको, फुलं खाय. आन् एवढ्या दोन टोपल्या इकू दे, मंग जाऊ.”

टोपल्या खपेपर्यंत मी शेजारी बसून राहिले. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की माझं तोंड तिथं बरं कामाला आलं.

सोमवारी डॉक्टरबाईंनी कातडी तपासली. डाव्या बगलेखाली नवी गुलाबी कातडी आली होती. मी तिथंच, सगळ्यांसमोर, खरं काय ते सांगून टाकलं. त्या रागावल्या, रागावणारच. म्हणाल्या, यापुढे पेशंटला समजावताना भीती घालायची नाही. मी बरं म्हटलं. नोकरी गेली नाही, पण त्या क्षणी गेली असती तरी मी सांगितलंच असतं.

बुधरी मधल्या दिवसांत वाळली होती, म्हणून अतुल सरांनी पुन्हा स्कॅन काढून सगळा आराखडा नव्यानं मांडला. पडलेला खंड भरायला थोडे दिवस वाढवले, शनिवारीही बोलावलं. पूर्वी असा आराखडा कॉम्प्युटर रात्रभर दळत बसायचा. आता त्यांच्याकडेही ते नवीन कार्ड आलंय.

“चार मिनिटांत झालं, मावशी!” ते खूश होऊन म्हणाले.

“हो सर,” मी म्हटलं. “आमाले पंधरा दिवस लागले.”

नव्या आराखड्यात नव्या फुल्या शाईनं काढाव्या लागतील असं सरांना वाटत होतं. बुधरीला टेबलावर झोपवलं, भिंतीतल्या लाल रेघा लावल्या. छातीच्या मधली फुली रेघेवर तंतोतंत बसली. उजवीही बसली. डावी दोन मिलिमीटर सरकलेली निघाली. दीपालीनं तेवढी शाईनं शेजारी काढली आणि म्हणाली, “गोंदणाऱ्या बाईंचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे बाप्पा.”

मग रोज एक एक करत दिवस गेले. मी बुधरीला आत न्यायची, झोपवायची, तिच्या हाताला हात लावून बाहेर यायची. ओरडणं बंद. तिला मराठी येत नाही, मला माडिया येत नाही, तरी आम्ही बरंच बोलायचो.

एप्रिलच्या मध्यावर तिचा शेवटचा दिवस आला. शेवटच्या दिवशी प्रत्येक बाईला मी सांगते, जा, आता साबण लावून निवांत आंघोळ कर, फुल्या काढून टाक, आजार इथेच ठेवून जा. बायका ते ऐकून रडतात, हसतात. बुधरीला काय सांगू? तिच्या अंगावरच्या फुल्या आंघोळीनं जाणार नव्हत्या. तिला पोलकं घालायला मदत करताना मला ते बोलावंच लागलं.

“लालसूभाऊ,” मी पडद्यातून म्हटलं, “तिले सांगा, ह्या फुल्या आता जनमभर राह्यतीन. माह्यामुळे.”

लालसूनं सांगितलं. बुधरीनं माझा हात धरला आणि छातीच्या मधल्या फुलीवर ठेवला. तिचं हाड हाताला लागत होतं, आणि हाडाखालचा ठोका. ती बोलली, सावकाश, मला समजेल अशा आशेनं.

“ती म्हन्ते,” पडद्याबाहेरून लालसूचा आवाज आला, “मेल्यावर डागडागिने इथीच राह्यतात, गोंदन तेवढं संगं येते. तिकडे तिची आजी भेटन, माय भेटन. हे कोन्या घरचं गोंदन म्हनून इचारतीन. मंग तिले सांगा लागन ना.”

आत बुधरी अजून काहीतरी म्हणाली.

“बाई, तुहं नाव काय हाय? ती इचारून राह्यली.”

आठ वर्षांत एकाही पेशंटनं मला नाव विचारलं नव्हतं.

“धुरपता,” मी सांगितलं.

बुधरीनं म्हणून बघितलं. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा जमलं. पिशवी उचलून, लालसूच्या मागं मागं, मोटरस्टँडच्या ऑटोत बसेपर्यंत ती ते पुटपुटत होती, विसरू नये म्हणून.